सहलपत्रिकेत न मावलेली माणसं

माझ्या टेबलावर दोन सहलपत्रिका आहेत. पहिली गुळगुळीत कागदाची, चार पानी, वर सिंहाचा फोटो. जोहान्सबर्गहून निघून क्रूगर अभयारण्य, ग्रेट झिंबाब्वेचे अवशेष, माटोबोच्या टेकड्या, ह्वांगे, व्हिक्टोरिया धबधबा आणि चोबे असा सोळा दिवसांचा, सगळा रस्त्यानं करायचा प्रवास तिच्यात मांडला आहे. दुसरी एका रंगात छापलेली, अर्ध्या पानाची : ‘मालवण दर्शन, एक दिवस’. सकाळी डॉल्फिन, मग स्नॉर्केलिंग, दुपारी माशाचं जेवण, साडेतीनला सिंधुदुर्ग किल्ला, संध्याकाळी तारकर्लीचा किनारा. पहिल्या पत्रिकेप्रमाणे काही वर्षांपूर्वी मी जाऊन आलो. दुसरीतला प्रवास पावसाळ्याचे महिने सोडले तर रोज माझ्या घरावरून जातो.

प्रवासवर्णनाच्या समीक्षेत सहलपत्रिकेला जागा नसते. ती जाहिरात म्हणून बाजूला ठेवली जाते. माझं म्हणणं असं की मराठीतल्या आजच्या प्रवासलेखनाचा आराखडा तीच ठरवते. दिवाळी अंकांत आफ्रिकेवर येणारे लेख मी आवर्जून वाचतो. त्यांतले बरेचसे पत्रिकेचा विस्तार असतात. दिवसांचा क्रम तोच, थांबे तेच. व्हिसाची धावपळ, विमानतळावर जमलेली मंडळी, डब्यातून निघालेला चिवडा, मग सिंह दिसतो की नाही याची धाकधूक, शेवटी एखाद्या तळावर शेकोटीभोवती झालेला नाच. लेखक चांगला असेल तर विनोद चांगला असतो. पण पत्रिकेनं जे गाळलं ते त्यानं स्वतः शोधून परत आणलं, असं क्वचित दिसतं. ही तक्रार मी दुसऱ्या कोणावर करत नाही. त्या सहलीनंतर मीही असाच एक लेख लिहिला होता. परवा तो काढून वाचला. ग्रेट झिंबाब्वेच्या दोन परिच्छेदांत ‘गूढ’ हा शब्द चार वेळा आला आहे. तिथूनच सुरुवात करतो.

मसविंगो शहरापासून थोड्या अंतरावर हे अवशेष आहेत. पत्रिकेत त्यांना दीड तास होता. आमची गाडी म्हणजे ट्रकच्या साट्यावर बसवलेली उंच बस. तिच्या एका कप्प्यात तंबू, दुसऱ्यात स्वयंपाकाचं सामान. दिवसभर खडखडत आलेली अठरा माणसं खाली उतरली आणि मोठ्या कोटाच्या भिंतीपुढे गप्प झाली. भिंतीचा परीघ सुमारे अडीचशे मीटर, काही ठिकाणी उंची अकरा मीटरपर्यंत. ग्रॅनाइटचे घडवलेले दगड थरावर थर रचलेले. सांध्यात ना चुना, ना माती. मालवणकडच्या माणसाचा हात अशा भिंतीकडे आपोआप जातो. आमच्याकडे गडगा घालतात तोही असाच, कोरडा. कुठला दगड कुठं बसेल हे गडगा घालणाऱ्याला बघूनच कळतं आणि ती विद्या पोटात असते, पुस्तकात नसते. मला हे तिथं सुचलं होतं. घरी येऊन लिहिताना मात्र मी लिहिलं : ही भव्य वास्तू कोणी बांधली याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

मतभेद नाहीत. शोना लोकांच्या पूर्वजांनी ती बांधली, साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकांत. ‘मतभेद’ हे वाक्य कुठून आलं त्याला इतिहास आहे. १८७१ साली कार्ल माउख हा जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ तिथं पोचला. दरवाज्याच्या तुळईचा तुकडा त्यानं आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिला. वास सारखा वाटला, म्हणून ते लेबनॉनचं सीडर ठरलं. सीडर म्हणजे फिनिशियन व्यापारी, आणि त्यांच्यामागून शेबाची राणी. लाकूड तिथल्याच रानातलं होतं. १८९१ साली थिओडोर बेंट आला, त्यानंही बांधणारे बाहेरून आणले. मग रिचर्ड हॉल हा देखरेखीला आला. १९०२ ते १९०४ या काळात त्यानं ‘मूळ’ वास्तू मोकळी करायची म्हणून आफ्रिकी वस्तीचे मातीचे थर उपसून टाकले. पुरातत्त्वात थर म्हणजेच पुरावा. पुरावा कचरा म्हणून फेकला गेला आणि मग पुरावा सापडत नाही असं म्हणायला वाट मोकळी झाली.

तरीही १९०५ साली डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी वास्तू आफ्रिकी आणि मध्ययुगीन असल्याचं सांगितलं, आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांच्या उत्खननानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. अभ्यासकांपुरता वाद तेव्हाच मिटला. ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारला तो मिटलेला परवडत नव्हता. ज्यांना राज्य करता येत नाही असं तुम्ही म्हणता, त्यांच्या पूर्वजांनी राजधानी उभारली होती, हे मान्य कसं करायचं? स्मारकखात्यातले पीटर गार्लेक सरळ बोलत राहिले आणि १९७० साली त्यांना देश सोडावा लागला. १९८० साली देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यानं या अवशेषांचंच नाव घेतलं. शोना भाषेत त्याचा अर्थ दगडी घरं.

म्हणजे माझ्या लेखातलं ‘गूढ’ हे प्रवाशाचं निरागस आश्चर्य नव्हतं. एका राजवटीनं सांभाळून ठेवलेलं ते वाक्य होतं. ते पर्यटनाच्या पत्रकांत उतरलं, तिथून आमच्या पत्रिकेत आलं आणि पत्रिकेतून माझ्या मराठीत. मी त्यावर ‘काळाच्या उदरात’ वगैरे नक्षी काढली.

हेच आपल्या बाबतीत करून पाहावं. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकला आणि त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. लवकरच किल्ला करवीरकरांना परत मिळाला, नाव विरून गेलं. समजा ते टिकलं असतं आणि दीडशे वर्षं पाहुण्यांना सांगितलं गेलं असतं, की कुरट्याच्या खडकावर समुद्रात पाया घालणं या किनाऱ्यावरच्या लोकांना जमणारं नव्हतं, बांधणारे कोणी फिरंगी असावेत. त्यावर एखाद्या परदेशी दिवाळी अंकात सुंदर लेख आला असता. आपल्याला कसं वाटलं असतं, हे वेगळं सांगायला नको. २५ नोव्हेंबर १६६४ ही पायाभरणीची तारीख आमच्याकडची शाळकरी पोरंसुद्धा सांगतात.

क्रूगरविषयीही मी बरंच लिहिलं होतं. तिथं आम्ही तीन दिवस होतो. चित्ता दिसला, सिंह दोनदा दिसला, गेंडा दिसला नाही म्हणून एक काकू शेवटपर्यंत रुसून होत्या. अभयारण्याच्या मुख्य तळाचं नाव स्कुकुझा. मी लेखात ते ‘गोड, नादमय’ नाव म्हणून दिलं. ते पहिले वॉर्डन जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना त्सोंगा लोकांनी दिलेलं नाव आहे. अर्थ, झाडून साफ करणारा. राखीव रानातून त्यांनी माणसं हलवली, म्हणून हे नाव पडलं. आम्ही ज्या तळावर चहा प्यायलो त्याच्या पाटीवर ती हकिगत लिहिलेली होती, फक्त वाचता यायला हवी होती.

क्रूगरच्या उत्तर टोकाला लिंपोपो आणि लुवुवू या नद्यांच्या मधला मुलूख मकुलेके लोकांचा. १९६९ साली त्यांना तिथून उठवलं आणि जमीन अभयारण्याला जोडली. वर्णद्वेषी राजवट गेल्यावर त्यांनी दावा केला आणि १९९८ साली जमीन परत मिळवली. पण त्यांनी तिथं पुन्हा शेतं नांगरली नाहीत. रान रानच ठेवून त्यावरच्या पर्यटनाचा हक्क आणि उत्पन्न स्वतःकडे घेतलं. त्याच टोकाला एका टेकडीवर थुलामेला नावाचे अवशेष आहेत : कोरड्या दगडी भिंतींचं, ग्रेट झिंबाब्वेच्याच परंपरेतलं गाव, सतराव्या शतकापर्यंत नांदतं असलेलं. तिथं सोनं मिळालं, परदेशी मणीही मिळाले. पत्रिकेत प्राणी एका दिवशी आणि अवशेष दुसऱ्या दिवशी असतात. प्रत्यक्षात प्राण्यांच्या पोटातच गाव आहे. आम्ही त्या टोकाला गेलो नाही. तिकडं सिंह कमी दिसतात असं आमच्या चालकानं सांगितलं.

ह्वांगेचंही तसंच. मी त्याला ‘निसर्गाची अस्पर्श भूमी’ म्हटलं होतं. ह्वांगेच्या मोठ्या भागात बारमाही नदी नाही. उन्हाळ्यात हत्ती ज्या पाणवठ्यांवर शेकड्यांनी येतात त्यांतले बरेच बोअरवेलचे आहेत. पहिले वॉर्डन टेड डेव्हिसन यांच्या काळापासून तिथं पंप चालवून पाणी ओढतात. पंपाला इंधन लागतं, दुरुस्तीला माणूस लागतो. आम्ही गाडीत बसून हत्तींचे फोटो काढत होतो तेव्हा मागं कुठूनतरी इंजिनाचा एकसुरी आवाज येत होता. आमच्यातल्या एका गृहस्थांनी चालकाला विचारलं, तो आवाज बंद करता येईल का.

माटोबोचा दिवस मात्र पत्रिकेच्या हातून निसटलेला. एकाच दिवसात पायी फिरून गेंडे, सान लोकांनी रंगवलेल्या गुहा आणि सेसिल ऱ्होड्सची कबर. तिथं निसर्ग, इतिहास आणि साम्राज्य वेगवेगळ्या चौकटींत बसवता येत नाहीत, सगळं एकाच खडकावर आहे. पोमोंग्वेच्या गुहेत चित्रांऐवजी मोठे तपकिरी डाग दिसतात. १९२०च्या दशकात कोणीतरी चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर तेलकट लेप दिला आणि चित्रं गेली. मंडळी तिथून पटकन बाहेर आली, बघायला काही नाही म्हणून. मी पुन्हा गेलो तर सगळा वेळ त्या डागांपुढे काढीन.

ग्रेट झिंबाब्वेत शंखजिऱ्याच्या दगडात कोरलेले पक्षी होते; आज त्यांतला एक देशाच्या झेंड्यावर आहे. १८८९ साली एका शिकाऱ्यानं एक पक्षी उचलून नेला, तो ऱ्होड्सनं विकत घेऊन आपल्या घरात ठेवला. इतर काही केपटाउनच्या संग्रहालयात गेले. १९८१ साली दक्षिण आफ्रिकेनं संग्रहालयातले पक्षी परत दिले, त्याच्या बदल्यात झिंबाब्वेकडून मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्यांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह घेतला. दगडी पक्ष्यांसाठी माश्या! ही हकिगत कोणत्याही विनोदी प्रवासलेखकाच्या हाती लागायला हवी होती.

आता घरी येतो, कारण या सगळ्याची मला खरी टोचणी इथं लागली.

मालवणात अभयारण्य आणि अवशेष एकाच पाण्यात आहेत. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा, आणि या गाभ्यातच सिंधुदुर्ग आणि पद्मगड येतात. मच्छीमारांचा विरोध तेव्हापासूनचा. ज्या पाण्यात आजोबांनी जाळं टाकलं ते एका कागदानं दुसऱ्या कोणाचं झालं, असं त्यांना वाटलं. त्यांना झाडून काढलं गेलं नाही, हा क्रूगरहून मोठा फरक. ते तिथंच राहिले आणि त्यांतले अनेक जण हळूहळू पर्यटकांच्या होड्या चालवू लागले. पहाटे रापण ओढणारा हात दहा वाजता लाइफ जॅकेटच्या दोऱ्या बांधतो. डॉल्फिन कुठं वर येतील हे त्याला माहीत असतं, कारण त्याच माशांच्या मागं दोघंही वर्षानुवर्षं हिंडले आहेत. पर्यटकाला डॉल्फिन दिसतात. ज्ञान कोणाचं, हा प्रश्न त्याच्या पत्रिकेत नाही.

धक्क्यावरून किल्ल्यावर सोडताना होडीवाला सांगतो, “तासात परत येवक व्हया हां. भरती लागली काय होडी थांबाची नाय.” तासाभरात मंडळी महाद्वार, महाराजांच्या हातापायांचे ठसे, शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव ही गोड्या पाण्याची ठिकाणं करून परत येतात. अठ्ठेचाळीस एकरांच्या बेटावर तटाला फेरी मारायलाच तास जातो. वाटेत लागणाऱ्या घरांत माणसं राहतात, पिढ्यानपिढ्या राहतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की त्यांचा बाजारहाट अडतो. पर्यटकांना ती घरं दिसतात ती सरबताच्या बाकड्यांपुरती. ग्रेट झिंबाब्वेत दीड तास फिरलेला मी आणि इथं तासाभरात परतणारा सोलापूरचा किंवा नाशिकचा पाहुणा, आमच्यात फरक काय? मला तिथं घाई करणाऱ्या चालकाचा राग आला होता. इथं घाई करणारे माझे शेजारी आहेत, आणि त्यांच्या दिवसाच्या फेऱ्या मोजलेल्या असतात.

११ जुलै २०२५ रोजी बारा मराठा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशाच्या यादीत झाली, त्यांत सिंधुदुर्ग आहे. मालवणात फटाके वाजले, मीही टाळ्या वाजवल्या. यापुढे आणखी बसगाड्या येतील. वारसा म्हटलं की तो मोकळा, साफ, फोटोत येईल असा हवा, ही मागणीही येईल. माटोबो आणि ग्रेट झिंबाब्वेही याच यादीत आहेत. त्यांचं काय झालं ते आपण आधीच वाचून ठेवलेलं बरं.

मराठी प्रवासलेखकाला आणखी एक गोष्ट लिहिता आली असती, जी दुसऱ्या कोणाला तितकी सहज सुचणार नाही. ग्रेट झिंबाब्वेत चिनी भांड्यांचे तुकडे निघाले, तसे काचेचे मणीही निघाले, त्यांतले पुष्कळ भारतातून गेलेले. चौलच्या जुन्या बंदराच्या जागेवर मिळालेले काही काचमणी आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेले काही मणी एकाच जातीच्या काचेचे आहेत, असं रासायनिक तपासणीत दिसलं आहे. आपली गलबतं नि त्यांचं सोनं यांची देवघेव झाली तेव्हा त्या भिंतींचे दगड रचले जात होते. उलट बाजूनं आफ्रिकेतून आलेले सिद्दी जंजिऱ्यावर बसले होते. जंजिरा हाती येईना म्हणून समुद्रात स्वतःचे किल्ले हवेत, ही निकड महाराजांना वाटली, आणि त्यातूनच सिंधुदुर्ग उभा राहिला. आफ्रिका आमच्या धक्क्यावर साडेतीनशे वर्षांपूर्वीच आलेली आहे. आम्ही मात्र लिहितो, ‘त्या अनोळखी खंडावर पहिलं पाऊल ठेवलं’.

प्राण्यांचं म्हणाल तर कुडोपीच्या सड्यावर, बावल्यांच्या टेंबावर चला. मालवण तालुक्यातल्या या जांभ्या दगडावर माणसांच्या आणि इतर आकृत्या कोरलेल्या आहेत. सतीश लळीत यांनी कुडोपी आणि हिवाळे इथल्या चित्रांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. कोकणातल्या अशा नऊ ठिकाणांची नावं २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत कुडोपी आहे. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवरच्या चित्रांत अभ्यासकांनी गेंडा आणि पाणघोडाही ओळखले आहेत. आज कोकणात यांतला एकही प्राणी नाही. ज्या गेंड्यासाठी आमच्या काकू रुसल्या तो त्यांच्या माहेरच्या सड्यावर कोरलेला असेल. त्या राजापूरच्याच.

गटानं जाणाऱ्यांची टर उडवणं सोपं आहे आणि मराठीत ती पुष्कळ उडवून झाली आहे. मला त्यात रस नाही. आमच्या अठरांत तीन जणी एकट्या आलेल्या होत्या. गट नसता तर त्यांच्या घरांनी त्यांना सोडलं नसतं. एक निवृत्त कंडक्टर होते, आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून दिलेले. गाडीच्या चाकात माती गेली तेव्हा उतरून चालकाला हात देणारे तेच एकटे. गटामुळे माणूस बाहेर पडतो, हे खरं मानूनच मी म्हणतो की परत आल्यावर लिहिताना गटातून बाहेर पडायला हवं.

आपल्याकडे याचा जुना दाखला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहिला, छापला गेला तो १९०७ साली. त्यांना स्थळं पाहायची नव्हती, घरचं कर्ज फेडायचं होतं. त्यामुळे त्यांच्या नजरेत कोण काय देतो, कोण काय खातो, कोण कोणाला भितो हे येतं. झाशी त्यांना अवशेष म्हणून भेटत नाही. तिथं ते राहिलेले असतात, आणि शहर पडतं तेव्हा ते आत असतात. सोळा दिवसांच्या पाहुण्याकडून हे मागणं अन्याय्य आहे, मला कळतं. पण स्कुकुझाचा अर्थ विचारायला सोळा दिवस पुरेसे होते.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या भाच्यानं घराच्या दोन खोल्या न्याहारी-निवासासाठी काढल्या आणि मला म्हणाला, “मामानु, तुमी लिवतास. माका मालवण दर्शनाचो कागद लिवन देवा.” मी मन लावून लिहिला. किल्ल्यात राहणारी घरं, रापण, अभयारण्याची हकिगत, कुडोपीचा सडा, चौलचे मणी, सगळं. दीड पान झालं. त्यानं वाचलं, चांगलं आहे म्हणाला, आणि छापखान्यातून आला तो हा माझ्यासमोरचा अर्ध्या पानाचा कागद. कुडोपी गेलं, कारण तिथं जायला अर्धा दिवस मोडतो आणि गाडीवाला जास्त पैसे मागतो. मणी गेले. रापण उरली, पण ‘रापण ओढण्याचा अनुभव घ्या’ अशी. आणि साडेतीनच्या ओळीत, किल्ल्यासमोर कंसात, माझ्या मजकुरातलं एक वाक्य त्यानं ठेवलं आहे, थोडं बदलून : ‘किल्ल्यात आजही राहणारी माणसं पाहा’.

ते बदलून घ्यायला मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्याच्याकडे पाहुणे होते.